सुटातील सूट : उन्हाळी कोटाच्या मराठी शब्दांविषयी

पुण्याहून अहिल्यानगरकडे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरकडे, जाणाऱ्या महामार्गावर कोरेगाव भीमा मागे टाकल्यावर आणि शिक्रापूर येण्यापूर्वी शिरूर तालुक्यातील सणसवाडी हे गाव लागते. गावाच्या आसपास कारखानदारी वाढली असून कामाच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांचे लोक तेथे वस्तीस आले आहेत. व्यवसायबोलींतील शब्द टिपण्याच्या कामी प्रस्तुत लेखकाचे त्या बाजूस जाणे झाले असता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका शिंप्याच्या दुकानात एक वाक्य कानी पडले. कच्ची शिलाई घातलेला कोट एका तरुणाच्या अंगावर चढवून दुकानदार म्हणाले, "दादा, उन्हाळ्याचा सूट हाय, म्हणून सुटात जरा सूट ठेवलीय." तरुणाने हात वरखाली करून पाहिले आणि मान डोलाविली. वाक्यात 'सूट' हा शब्द तीनदा आला. परंतु बोलणारा अडखळला नाही की ऐकणारा गोंधळला नाही. या वाक्यातच प्रस्तुत लेखाचा विषय सामावलेला आहे.

यांतील पहिला 'सूट' पुल्लिंगी असून इंग्रजीतून आला आहे. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी 'अनुसरणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. एकामागून एक येणाऱ्या, एकमेकांना अनुसरणाऱ्या वस्तूंचा संच असा त्याचा मूळ भाव. कोट आणि पाटलोण एकाच ताग्यातून कापलेली असतील तरच त्यांस सूट म्हणावयाचे, हा शिंप्यांचा दंडक त्या मूळ अर्थाशी आजही इमान राखून आहे. दुसरी 'सूट' स्त्रीलिंगी, 'सुटणे' या आपल्या धातूपासून झालेली. मोल्सवर्थच्या कोशात तिचा अर्थ देण्यातून मिळालेली माफी असा आहे. शेतसाऱ्यात सूट मिळे, दंडात सूट मिळे. पुढे ती दुकानांच्या पाट्यांवर आली. शिंप्याच्या तोंडी मात्र तिचा अर्थ याहून वेगळा आणि, माझ्या मते, अधिक मुळाजवळचा आहे : अंगाचे माप आणि कपड्याचे माप यांमधील मोकळी जागा. छाती अडतीस इंच भरली तर कोटाचा घेर अडतीस ठेवून चालत नाही. श्वास घेण्यास, हात उचलण्यास, आत सदरा राहण्यास कमीअधिक चार इंच सोडावे लागतात. हे सोडलेले म्हणजे सूट. शहरातील शिंपी याच गोष्टीस 'लूजिंग' म्हणतात.

दोन्ही शब्दांची सामान्यरूपे पाहिली म्हणजे एक मौज ध्यानी येते. पुल्लिंगी 'सूट'चे सामान्यरूप 'दूध–दुधाला' या वळणाने 'सुटाला' असे होते. स्त्रीलिंगी 'सूट'चे ते 'धूळ–धुळीला' प्रमाणे 'सुटीला' व्हावे. परंतु तेथे रजेच्या 'सुटी'शी गाठ पडते, आणि बोलणारा बहुधा 'सवलतीला' असे म्हणून त्या अडचणीतून स्वतःची सुटका करून घेतो.

सामान्यरूपाचा हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. परभाषेतून आलेला शब्द मराठीत कितपत मुरला हे ठरविण्यास त्याच्या आयुष्याची वर्षे मोजणे पुरेसे नसते. प्रत्यय लागताना तो अंग बदलतो की नाही हे पाहावे लागते. शिंपीकामाच्या शब्दांत ही कसोटी फार स्पष्टपणे लागू पडते. सर्वांत खालचा थर आपल्या वारशाचा : सुई ही 'सूची', कातर ही 'कर्तरी', कापड हे 'कर्पट', सूत हे 'सूत्र', बाही ही 'बाहु'. स्वतः 'शिंपी' हा शब्दही 'शिल्पिन्'शी जोडला जातो. प्राकृतातील 'सिप्पी'वरून तो मराठीत आला आणि कोणाही कारागिराचे नाव एका कारागिरीपुरते उरले. त्यावरचा थर फार्सीचा : अस्तर, खिसा, गज, अंगुस्तान, कापडाची रुंदी सांगणारा पन्हा. माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश (१९२५) चाळला तर शिवणकामाचे असे शब्द पानोपानी भेटतात. फार्सी 'कीसा' ही पैशांची थैली. ती मराठीत येऊन कपड्यास शिवली गेली आणि खिसा झाली. मग पोर्तुगीज. बटण ज्यातून जाते ते 'काज' म्हणजे पोर्तुगीज 'काझा', अर्थात घर. बटणाचे घर ही कल्पना इतकी साधी आणि नेमकी आहे की हा शब्द परका असल्याची शंकाही कोणास येत नाही. 'इस्त्री'ही त्याच वाटेने आली, तिचा संबंध 'ताणणे' या अर्थाच्या 'एस्तिरार' या क्रियापदाशी लावतात. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा शोध घेणारा सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो यांचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला. दाल्गादो गोव्यातील आसगावचे होते. मराठीच्या अभ्यासकांनी तो अद्याप पुरता उपयोगात आणलेला नाही.

सर्वांत वरचा थर इंग्रजीचा. पण तो एकजिनसी नाही. कोट मुरला : कोटाला, कोटाचा. मराठीत किल्ल्याचा 'कोट' आधीपासून होता, त्यामुळे या पाहुण्यास रूपे आयती मिळाली असावीत. शर्ट अर्धवट मुरला. 'शर्टाची बाही' आणि 'शर्टची बाही' दोन्ही ऐकू येतात. 'जाकीट' मुरले, पण अर्थ बदलून. इंग्रजीत जे जॅकेट ते आपला कोट, आणि आपले जाकीट म्हणजे बिनबाह्यांची बंडी. 'ब्लेझर', 'लिनन' अद्याप उंबऱ्यावर उभे आहेत : ब्लेझरचा, लिननला. 'ब्लेझराला' असे कोणी म्हणत नाही. याच दुकानात एका दमात 'कोटाचं अस्तर' आणि 'ब्लेझरचं लायनिंग' असे दोन प्रयोग ऐकावयास मिळाले. वस्तू एक, भाग एक; पण वस्त्राचे नाव मुरलेले असले की त्याच्या भागाचे नावही मुरलेलेच येते, आणि नवे असले की नवेच. 'सूट' या दोन थरांच्या सीमेवर आहे. शहरी बोलण्यात 'सूटला बटण' ऐकू येते; शिंप्याच्या दुकानात 'सुटाला'. ज्याचा हात त्या वस्तूला रोज लागतो त्याच्या तोंडी शब्द आधी वळतो, असे मी म्हणेन.

(विद्यार्थ्यांना एक सावधगिरीची सूचना. सणसवाडीतील 'सणस' आणि कापडाच्या अर्थाचे 'सणंग' यांचा संबंध जोडण्याचा मोह या विषयात होतो. तसा कोणताही आधार नाही. 'सणस' हे या भागातील परिचित आडनाव आहे, तेवढे पुरे.)

आता ज्या क्रियेमुळे सूट 'मापाचा' होतो तिच्याकडे वळू. तिच्यासाठी मराठीत जो शब्द आहे तो इतका जुना आणि इतका पसरलेला आहे की तो शिंप्याचा आहे हे आपण विसरून गेलो आहोत. तो शब्द 'बेतणे'. माप घेऊन, कापडावर खडूने आखून, कापड वाया न जाता सर्व तुकडे कसे निघतील याचा हिशेब बांधून कापणे म्हणजे बेतणे. यातूनच बेत म्हणजे योजना. बेत करतात, बेत फसतो, जेवणाचाही बेत असतो. हिंदीतील 'ब्योंत' शब्दातही कापडाचा काट आणि युक्ती हे दोन अर्थ असेच शेजारी नांदतात. मराठीने मात्र पुढची पायरी गाठली. जे बेतलेले आहे ते मापात आहे, आणि जे मापात आहे ते थोडके आहे. म्हणून 'बेताची परिस्थिती', 'बेतास बात', 'बेताने घे'. 'जिवावर बेतणे' या प्रयोगात तर संकट जणू माणसाचे माप घेऊनच कापलेले असते. अंगावर बेतलेला कपडा ही कल्पना आपल्याकडे विलायतेहून आली, असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्प्रचार विचारात घ्यावेत. विलायतेहून आले ते काही वेगळेच.

काय आले ते पाहण्यासाठी बाराबंदी आणि कोट शेजारी ठेवावे. बाराबंदी, अंगरखा, पारशी समाजाचा पांढरा डगला ही सर्व उन्हाळ्याच्या देशातील शिवलेली वस्त्रे. कापड सुती व पातळ, आणि बांधणी बंदांची. बंदाचा गुण असा की तो दोन बोटे अलीकडे बांधता येतो, दोन बोटे पलीकडे. सकाळी ताठ बांधावा, दुपारी सैल करावा. माप तेव्हाही घेत, पण उरलेली सूट पांघरणारा स्वतःच्या हाताने घेत असे. बटणाला ही मुभा नाही. काज एकाच जागी असते. शिंप्याने जे ठरविले ते ठरले. बंद जाऊन बटण आले तेव्हा सूट देण्याची जबाबदारी घालणाऱ्याकडून शिवणाऱ्याकडे गेली. मापाचा नेमकेपणा, कच्च्या शिलाईवरची चाचणी, वहीतील आकडे या साऱ्या गोष्टींना जे महत्त्व आले ते यामुळे.

कोटाबरोबर दुसरी एक गोष्ट आली, ती डोळ्यांना दिसत नाही. थंड देशातील कोट म्हणजे चार थरांची इमारत : बाहेर लोकर, आत छातीला आकार देणारे घोड्याच्या केसांचे ताठ कापड, खांद्यात गादी, आणि सर्वांच्या आत अस्तर. एप्रिलच्या दुपारी पुणे जिल्ह्यात पारा ३८ ते ४० अंशांच्या आसपास असतो. त्या वेळी या चारांपैकी तीन थर हे ओझेच होय. म्हणून उन्हाळी कोटाची सारी विद्या बाहेरच्या कापडात जेवढी आहे त्याहून अधिक आतले काय काढावे यात आहे. इटलीतील नेपल्स या उष्ण बंदराच्या शहरात १९३० नंतरच्या दशकात रुबिनाच्ची यांच्या दुकानातील कापणारे कारागीर विन्चेन्झो आत्तोलिनी यांनी गादी आणि ताठ कापड काढून टाकलेला मऊ कोट सिद्ध केला. जगभरच्या उन्हाळी कोटांवर आज त्या बेताची छाप आहे. आपल्याकडेही अल्पाकाचा पातळ कोट वकिलांच्या अंगावर बराच काळ होता. पण तेथे कापड बदलले होते, बांधणी नव्हे.

अस्तर काढणे म्हणजे काम कमी होणे अशी समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. अस्तर असले की आतल्या शिवणी, दोऱ्यांची टोके, कापडाचे उसवणारे काठ सर्व झाकले जाते. ते काढले की प्रत्येक शिवण उघडी पडते आणि प्रत्येक काठास बारीक पट्टी लावून हाताने बंद करावे लागते. त्यामुळे पाठीचे अस्तर गाळलेला कोट पुष्कळदा पूर्ण अस्तराच्या कोटाहून महाग पडतो आणि गिऱ्हाईक शिंप्याकडे संशयाने पाहते. येथे इंग्रजीतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अस्तराचा 'लायनिंग' हा शब्द 'लिनन'च्याच कुळातला, कारण तिकडे एके काळी आतून लावावयाचे कापड लिननचे असे. आज जो माणूस लिननचा बिनअस्तरी कोट घालतो तो जुने अस्तर बाहेर काढून अंगावर घेतो, असे म्हटल्यास चूक होणार नाही. आणि लिनन ज्यापासून होते ते जवस किंवा अळशी (संस्कृत 'अतसी') आपल्या विदर्भात पिकते, पण तेलासाठी आणि चटणीसाठी. त्याच्या धाग्याच्या वस्त्राला संस्कृतात 'क्षौम' हा शब्द होता. मराठीने तो राखला नाही, आणि पीक दारात असून कापडाचे नाव बाहेरून घ्यावे लागले.

कापडाच्या निवडीत वजन आणि ओलावा या दोन गोष्टी पाहावयाच्या. हिवाळी सुटाचे कापड वाराला बारा-चौदा औंस भरते, उन्हाळी सात ते नऊ. ओलावा शोषण्याची शक्ती प्रत्येक धाग्याची वेगळी. प्रमाणित हवेत लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा धरते, लिनन १२, कापूस साडेआठ, आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. पीळदार सुताची, साध्या विणीची पातळ लोकर उन्हाळ्यात सुखद का वाटते आणि बाजारातला स्वस्त चकचकीत सूट का घामाने चिकटतो, याचे बरेचसे उत्तर या चार आकड्यांत आहे. उन्हाळी कापडांची नावे तर प्रवासाला निघून परत आलेल्या पाहुण्यांसारखी आहेत. अमेरिकेत उन्हाळी सुटासाठी नावाजलेले चुणीदार 'सीअरसकर' म्हणजे फार्सी 'शीर-ओ-शकर', दूध आणि साखर. एक पट्टा गुळगुळीत, एक खरखरीत, म्हणून हे नाव; आणि चुणीमुळे कापड अंगाला सपाट चिकटत नाही. 'डंगरी' हे जाडेभरडे कापड मुंबईच्या डोंगरीचे नाव घेऊन जगभर गेले. युल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) कोशात त्याची नोंद आहे. कमरबंद तर जाकिटाच्या जागी बसला, कारण येथील इंग्रज अधिकाऱ्यांना रात्रीच्या मेजवानीत जाकीट सोसवेना.

येथवर वाचून कोणी विचारील : एवढी यातायात करून उन्हाळ्यात सूट घालावाच कशाला? हा प्रश्न सुशिक्षितांच्या बैठकीत नेहमी निघतो, आणि विचारणाऱ्याच्या अंगावर सैल सदरा असतो. सणसवाडीच्या त्या तरुणाला मात्र सूट चौदा एप्रिलला हवा होता. त्या गावापासून काही किलोमीटरवर कोरेगावचा विजयस्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचे ते स्मारक, आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे दिलेल्या भेटीनंतर त्याला जो अर्थ आला तो सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाडला त्यांनी स्त्रियांना, वस्त्रा-दागिन्यांवरून ओळखू येणारी जातीची खूण टाकून देण्यास सांगितले. वस्त्र ही एक लिपी आहे आणि ती दुसऱ्याने आपल्या अंगावर लिहिलेली असू शकते, ही जाण त्यामागे होती. गावोगावच्या पुतळ्यांत बाबासाहेब निळ्या सुटात उभे आहेत. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांचे प्रत्यक्ष कपडे जतन केलेले आहेत. अशा माणसाची जयंती ऐन उन्हाळ्यात येते, आणि त्या दिवशी सूट घालणाऱ्याला तो केवळ हौस म्हणून घालावयाचा नसतो. 'उन्हाळ्यात सूट कशाला' हा प्रश्न ज्याला काय घालावे याची मुभा पिढ्यान्‌पिढ्या होती त्याला सुचतो. ज्याला ती नव्हती तो शिंप्याकडे जाऊन 'उन्हाळ्यात सूट कसा' हे विचारतो. आणि भाषेच्या दृष्टीनेही 'कसा' हाच प्रश्न अधिक फलदायी आहे, कारण नवे शब्द आणि नवे अर्थ त्याच्या उत्तरात जन्मतात. अडतीस अधिक चार अशा हिशेबातील सूट हा त्यांपैकी एक.

गडद निळ्या रंगाचा आक्षेप उरतो. ऊन शोषणारा रंग उन्हाळ्यात का? १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात बदाऊनी अरबांच्या काळ्या झग्यांविषयी एक शोधनिबंध आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा अधिक ऊन शोषतो, पण तो सैल असल्यामुळे आत वारा खेळतो आणि ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच निघून जाते, असा त्याचा निष्कर्ष होता. कोट म्हणजे झगा नव्हे, हे मान्य. पण रंगापेक्षा सैलपणा निर्णायक ठरू शकतो एवढे त्यावरून दिसते. त्या दुकानदारांनी हा निबंध वाचलेला नव्हता. त्यांनी पाठीचे अस्तर गाळले होते, मुंढा किंचित खाली घेतला होता आणि सूट ठेवली होती.

तयार कपड्यांच्या आणि लग्नसराईत भाड्याने मिळणाऱ्या सुटांच्या काळात ही शब्दसंपत्ती किती टिकेल याविषयी मला फारशी आशा नाही. तयार कपड्यात माप नसते, क्रमांक असतो. आणि क्रमांकाला बेतणे, टाचणे, मुंढा, पन्हा यांची गरज पडत नाही. विभागातील कोणा विद्यार्थ्याने शिरूर-दौंड भागातील दुकाने फिरून हे शब्द ध्वनिमुद्रित करून ठेवले तर ते काम आताच होण्याजोगे आहे. विशेषतः 'माया' या शब्दाच्या सर्व छटा टिपाव्यात. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. सूट आणि माया यांत भेद आहे : सूट अंगाला आज लागते, माया उद्यासाठी असते. त्या दिवशी तरुणाचे वडील कोपऱ्यातील बाकावर बसले होते. त्यांनी एवढेच विचारले की पोरगं अजून अंगानं भरायचं हाय, मग पुढच्या सालाचं काय? दुकानदारांनी कोट उलटा करून बगलेखालची शिवण दाखविली, "मामा, दोन्ही अंगांनी दीड-दीड इंच माया सोडलीय," असे सांगितले आणि वहीत छातीच्या आकड्यापुढे ते टिपून ठेवले.